पाहुण्यासाठी घरधन्याला कोंडू नका!

घरी पाहुणा येणार असला म्हणजे मराठी गृहिणी काय करते? अंगणात सडा घालते, दारात चार रेघांची का होईना रांगोळी काढते, डब्याच्या तळाशी राखून ठेवलेली साखर बाहेर काढते आणि मुलांना सांगते, "पाहुण्यांना नमस्कार करा रे!" पाहुणा येणार म्हणून तिने म्हाताऱ्या सासूला माळ्यावर चढवले, पोरांना शेजारच्या वाड्यात हाकलले आणि अंगावर फाटका सदरा असलेल्या दिरासमोर चादर टांगली, असे आम्ही आजवर कोठे ऐकलेले नाही. एखाद्या घरात तसे घडलेच तर सारी आळी त्या घराला नावे ठेवील. पण जी गोष्ट घरात नालस्तीची ठरते तीच सरकारच्या हातून घडली की तिला 'राजशिष्टाचार' हे भारदस्त नाव मिळते! परदेशचा राष्ट्राध्यक्ष यायचा म्हणजे रस्ते बंद, हातगाड्या गुल, भिकारी बेपत्ता, झोपड्यांवर पडदे. आणि ज्या जनतेच्या नावाने हे सारे स्वागत व्हायचे, ती जनता दोरखंडाच्या पलीकडे ताटकळत उभी!

या विषयावर लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे इंदूर शहर आहे. २०२३ च्या जानेवारीत ८ ते १० तारखांना तेथे सतरावा प्रवासी भारतीय दिवस साजरा झाला. गयानाचे अध्यक्ष मोहम्मद इरफान अली हे त्या सोहळ्याचे प्रमुख पाहुणे होते आणि सूरीनामचे तत्कालीन अध्यक्ष चंद्रिकाप्रसाद संतोखी हे विशेष सन्माननीय अतिथी होते. ९ तारखेला पंतप्रधान नरेंद्र मोदी आले, १० तारखेला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या. सुमारे सत्तर देशांतील साडेतीन हजारांवर परदेशस्थ भारतीयांनी नावे नोंदवली होती. हा सोहळा आटोपतो न आटोपतो तोच ११ आणि १२ तारखांना त्याच शहरात जागतिक गुंतवणूकदारांची परिषद भरली. म्हणजे सलग पाच दिवस या शहराच्या नाड्या बंदोबस्ताच्या हाती होत्या.

इंदूरकरांनी त्या दिवसांत आदरातिथ्यात कसूर केली, असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. 'पधारो म्हारे घर' या नावाने एक उपक्रम निघाला आणि कित्येक कुटुंबांनी परक्या देशांतून आलेल्या अनोळखी मंडळींना आपल्या घरात उतरवून घेतले. भिंती रंगल्या, चौक सजले. २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ज्याचे नाव वर्षानुवर्षे पुकारले गेले, त्या शहराला झाडू कसा मारावा हे कोणी शिकवण्याची गरजच नव्हती. हा झाडू मारणारे हात पहाटेच्या काळोखात राबतात आणि पाहुणे जागे होण्यापूर्वी रस्त्यावरून नाहीसे होतात, ही गोष्ट वेगळी.

आता अन्नपूर्णा भागाकडे वळू. इंदूरच्या नैऋत्येकडची ही वस्ती. १९५९ साली येथे अन्नपूर्णेचे मंदिर उभे राहिले आणि देवीचे नाव सबंध परिसराला चिकटले. उषा नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर या आसपासच्या वसाहतींतून मराठी घरे बरीच आहेत. होळकरांच्या पदरी आलेल्यांचे वंशज आहेत, तसेच पोटापाण्यासाठी मागाहून आलेलेही आहेत. मंदिराबाहेर नारळ-फुले विकणाऱ्या मावशी, सकाळी पोहे-जिलबीची कढई तापवणारा भय्या, दशहरा मैदानाच्या कडेला गाडी लावणारा भाजीवाला, शहराच्या पलीकडच्या टोकाला सुरक्षारक्षक म्हणून किंवा दुकानातला नोकर म्हणून रोज जाणारा तरुण, चार घरी पोळ्या लाटणारी बाई, ही या भागाची खरी वस्ती. देवीचे नाव अन्नपूर्णा आणि तिच्या दारातल्यांचे अन्न मात्र रोजच्या रोज मिळवायचे!

कोणी म्हणेल, परिषदेचे सभागृह विजय नगरच्या बाजूला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होते. अन्नपूर्णा भागाचा या भानगडीशी संबंध काय? असे म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी शहर बसच्या थांब्यावर उभे राहून बसची वाट पाहिलेली नसावी. विमानतळ शहराच्या पश्चिमेस आणि सभागृह ईशान्येस. ताफा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला म्हणजे त्याच्या वाटेत जे जे चौक येतात ते सारे गोठतात. ताफा दोन मिनिटांत निघून जातो हे खरे. परंतु रस्ता त्या दोन मिनिटांपुरता बंद होत नसतो. तो पुष्कळ आधी बंद होतो, उघडल्यावर तुंबलेली वाहने पांगायला त्याहून वेळ लागतो, आणि आदल्या दिवशी या साऱ्या नाटकाची रंगीत तालीमही होते. विजय नगरकडे अडकलेली बस अन्नपूर्णेच्या थांब्यावर येत नाही. पलीकडच्या टोकाला नोकरी करणारा माणूस तासभर उशिरा पोचतो आणि मालक त्याची अर्धी हजेरी कापतो. "साहेब, राष्ट्राध्यक्षांचा ताफा होता" ही सबब त्याने सांगितली तर मालक हसून म्हणतो, "मग ती अर्धी हजेरी राष्ट्राध्यक्षांकडून घेऊन ये!" मालकाचे हे बोलणे आम्हांला उर्मट वाटते, पण त्यात एक सवाल दडलेला आहे. राष्ट्राच्या प्रतिष्ठेसाठी त्या गरिबाची अर्धी हजेरी खर्ची पडली असेल, तर ती राष्ट्राने का भरून देऊ नये?

तारखांकडे पाहा. ८ ते १२ जानेवारी! संक्रांतीच्या तोंडावरचा तो आठवडा. मराठी बायकांची सुगडांची, वाणाच्या वस्तूंची, तिळगुळाची आणि हलव्याच्या दागिन्यांची खरेदी याच दिवसांत होते. त्यात १० तारीख मंगळवार आणि तीळ चतुर्थी, म्हणजे अंगारकी! इंदुरात तीळ चतुर्थीला खजराण्याच्या गणपतीची जत्रा भरते. रस्त्यावर बसून चार पैसे मिळवणाऱ्याच्या वर्षात असे हंगामाचे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतात. पावसाळ्यातला एखादा रिकामा दिवस बुडाला तर तो कपाळाला हात लावून गप्प बसेल. संक्रांतीचे पाच दिवस बुडाले तर त्याचे दोन महिन्यांचे गणित कोसळते. दिल्लीत बसून कार्यक्रमाच्या तारखा ठरवणाऱ्यांच्या टेबलावर पंचांग नसते हे आम्ही समजू शकतो. पण भोपाळच्या मंत्र्यांच्या आणि इंदूरच्या नगरसेवकांच्या घरी तर ते खिळ्याला टांगलेले असतेच की नाही?

९ जानेवारी हा दिवस प्रवासी भारतीयांसाठी का निवडला गेला, हेही आठवून पाहण्यासारखे आहे. १९१५ साली याच तारखेला मोहनदास करमचंद गांधी नावाचा एक बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेतून परतला आणि मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला. त्याच्या अंगावर काठेवाडी अंगरखा आणि पागोटे होते. त्याच बंदरावर सुमारे तीनच वर्षांपूर्वी, २ डिसेंबर १९११ रोजी, बादशहा पंचम जॉर्ज उतरला होता. त्याच्या स्वागतासाठी कमान हवी होती. पण दगडी कमान उभी राहायला वेळ कोठला? म्हणून सरकारने पुठ्ठ्याची कमान उभारली आणि साऱ्या जगावर राज्य करणारा बादशहा त्या पुठ्ठ्याखालून हिंदुस्थानात शिरला! दगडाचे गेटवे ऑफ इंडिया पुरे व्हायला पुढे १९२४ साल उजाडले. पाहुणा यायच्या आत पुठ्ठा उभारण्याची ही विद्या इंग्रज जाताना आमच्या अधिकाऱ्यांना शिकवून गेले असावेत, कारण ती आजही त्यांच्या अंगी पुरती मुरलेली दिसते.

इंदूरलाही हा अनुभव नवा नाही. १९०५ च्या नोव्हेंबरात त्या वेळचा प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे हाच पुढचा पंचम जॉर्ज, इंदूरला आला आणि त्याच्या हस्ते किंग एडवर्ड हॉलचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर त्या इमारतीला गांधीजींचे नाव मिळाले. राजपुत्राच्या स्वागताला सजलेली वास्तू आज लोक 'गांधी हॉल' म्हणून ओळखतात. दगडाला जे नामांतर सहज जमले, ते राजशिष्टाचाराच्या वहीला अजून जमलेले नाही.

पण २०२३ च्या त्या सोहळ्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आम्हांला वाटते ते हे की आलेले पाहुणे कोण होते, याचा यजमानांनाच विसर पडला! गयाना आणि सूरीनाम या देशांत भारतीय वंशाचे लोक कसे गेले? १८३८ च्या मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजे कलकत्त्याहून हिंदी मजुरांना घेऊन ब्रिटिश गयानाच्या किनाऱ्याला लागली. ५ जून १८७३ रोजी 'लाला रुख' हे जहाज सूरीनामला पोचले. पाच-पाच वर्षांच्या करारावर, ज्याला त्या बिचाऱ्यांनी 'गिरमिट' म्हटले, उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी ही माणसे गेली. ती हौसेने गेली नव्हती. गावात पोटाला अन्न नव्हते म्हणून गेली. त्यांच्या रक्ताचे वारस आज त्या देशांचे राष्ट्राध्यक्ष होतात, संतोखींसारखा अध्यक्ष २०२० साली वेदांची प्रत हाती घेऊन पदाची शपथ घेतो, ही अभिमानाने छाती भरून यावी अशी कहाणी आहे. मग अशा पाहुण्याला हातगाडीवाल्याची लाज वाटेल असे कोणी ठरवले? ज्याचे पूर्वज डोक्यावर बोचके घेऊन बोटीत चढले, त्याला डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली तर तो तोंड फिरवील काय? उलट तिला थांबवून तिचे गाव विचारील! पाहुण्यांच्या पूर्वजांना ज्या दारिद्र्याने देशोधडीला लावले, ते दारिद्र्य नाहीसे करणे कठीण. ते पाहुण्यांच्या नजरेआड करणे मात्र सोपे. आमच्या कारभाऱ्यांनी सोपा मार्ग पत्करला, इतकेच.

आणि गंमत अशी की या बंदोबस्ताची झळ शेवटी खुद्द पाहुण्यांनाही लागली! ९ तारखेला पंतप्रधानांच्या कार्यक्रमाच्या वेळी सभागृह भरून गेले, दारे बंद झाली आणि सातासमुद्रांपलीकडून पदरचे पैसे खर्चून आलेले कित्येक प्रवासी भारतीय बाहेरच राहिले. त्यांनी आरडाओरडा केला, संताप व्यक्त केला. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांना व्यासपीठावरून माफी मागावी लागली. सभागृह लहान पडले तरी मनातली जागा कमी नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले. मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली हे आम्ही त्यांच्या मोठेपणाचे लक्षण मानतो. पण सभागृहाबाहेर राहिलेल्या पाहुण्यांची माफी मागितली जाते आणि पाच दिवस स्वतःच्या शहराबाहेर राहिल्यासारख्या झालेल्या रहिवाशांची माफी मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, ही तफावत आमच्या नजरेतून सुटत नाही.

पूर्वी असे नव्हते. १९२१ च्या १७ नोव्हेंबरला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला उतरला तेव्हा लोकांनी आपण होऊन पाठ फिरवली, विलायती कपड्यांची होळी पेटवली. पुढे दंगली होऊन रक्तही सांडले, आणि गांधीजींना त्याचे अपार दुःख झाले. म्हणजे त्या काळी रस्ता रिकामा राहिला तर तो लोकांच्या मर्जीने. स्वातंत्र्यानंतर लोकांच्या मर्जीनेच तो भरू लागला. १९५५ च्या नोव्हेंबरअखेर बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह कलकत्त्याला गेले तेव्हा अशी अफाट गर्दी लोटली की पाहुण्यांना मोटारीतून उतरवून पोलिसांच्या गाडीतून न्यावे लागले. १९५९ च्या डिसेंबरात आयझेनहॉवर दिल्लीत आले तेव्हा पंडित नेहरू स्वतः गाडीतून उतरून लोकांना मागे रेटत होते. गोंधळ होता, धोकाही होता. पण लोक स्वागतात होते. २२ मार्च २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन ताजमहाल पाहायला गेले तेव्हा आग्र्याच्या बाजारपेठेची दारे लावलेली होती. पंचेचाळीस वर्षांत पाहुण्यांच्या वाटेवरची माणसे अशी पुसली गेली.

हा बदल का झाला हे आम्हांला कळत नाही असे कोणी समजू नये. ३१ ऑक्टोबर १९८४ आणि २१ मे १९९१ या दोन तारखा हा देश विसरू शकत नाही. एका पंतप्रधानाची आणि एका माजी पंतप्रधानाची हत्या पाहिलेल्या राष्ट्राने सुरक्षेत हयगय करावी असे म्हणणारा माणूस वेडाच म्हणावा लागेल. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी अध्यक्ष ओबामा त्याच ताजमहाल हॉटेलात उतरले, तेव्हा तेथे कडेकोट बंदोबस्त असणारच. त्या वेळी ओबामा मणिभवनाला भेट देणार होते, तर त्यांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून आवारातल्या माडांचे नारळ उतरवण्यात आले! यावर लोक हसले. आम्ही हसणार नाही. नारळ डोक्यावर पडतो हे शास्त्र आहे, आणि नारळ उतरवल्याने कोणाची चूल विझत नाही. त्याच दौऱ्यात कुलाब्याच्या शाळेत मुलांचे कोळीनृत्य पाहून ओबामा दांपत्याने मुलांबरोबर ताल धरला, आणि हे दृश्य जगभर गाजले. म्हणजे बंदोबस्तही राहिला आणि माणसेही भेटली. दोन्ही एका वेळी साधतात, मनात असले तर!

आमची तक्रार सुरक्षेविरुद्ध नाही. सुरक्षेच्या पदराआड चाललेल्या लपवालपवीविरुद्ध आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांची कन्या हैदराबादला उद्योजकांच्या परिषदेसाठी यायची होती. तेथल्या पोलिसांनी शहरात दोन महिने भीक मागण्यावर बंदी घातली आणि भिकाऱ्यांना उचलले. भिकाऱ्याच्या कटोऱ्यात कोणता बाँब असतो? २०२० च्या फेब्रुवारीत खुद्द अध्यक्ष ट्रम्प अहमदाबादला तीनेक तासांसाठी आले. त्या तीन तासांसाठी विमानतळाजवळच्या झोपडवस्तीपुढे भिंत उभी राहिली आणि मोटेऱ्याच्या मैदानाजवळील पंचेचाळीस कुटुंबांच्या हाती जागा खाली करण्याच्या नोटिसा पडल्या. या दोन्हींचा पाहुण्यांशी संबंध नसल्याचा खुलासा महापालिकेने केला. तो ज्यांना पटला असेल त्यांच्या भोळेपणाला आमचा नमस्कार! २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीत वीस राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा झोपड्यांपुढे हिरवी कापडे ताणली गेली आणि नवी दिल्लीतली दुकाने, शाळा, कचेऱ्या तीन दिवस बंद राहिल्या. भिंतीमुळे गोळी अडत असेल. हिरव्या कापडाने काय अडते? अडते ती फक्त नजर. संरक्षणाच्या खर्चात जमा केलेले हे कापड वस्तुतः लाजेच्या खात्यावर मांडायला हवे.

बुडालेल्या धंद्याची भरपाई तरी करता येते. वाटेत गेलेल्या जिवाची भरपाई कशाने करणार? ३ नोव्हेंबर २००९ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग चंडीगडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात कार्यक्रमासाठी गेले असता दारे अडवलेली होती. मूत्रपिंडाच्या विकाराने अत्यवस्थ झालेल्या एका रुग्णाला आत पोचायला विलंब झाला आणि तो दगावला. पंतप्रधानांनी खेद व्यक्त केला. २०२१ च्या जूनमध्ये कानपुरात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या ताफ्यासाठी रस्ता अडवला गेला, त्या कोंडीत सापडलेली एक महिला रुग्ण वाचली नाही. राष्ट्रपतींनी शोक कळवला, पोलिसांनी क्षमा मागितली, काही शिपायांवर कारवाई झाली. हे दोघेही सज्जन पुरुष. त्यांच्यापैकी कोणीही रुग्णाला अडवा असे सांगितले नसते; विचारले असते तर आपलीच गाडी बाजूला घ्यायला लावली असती. पण विचारायचे कोणी? चौकातल्या शिपायाला रस्ता बंद ठेवण्याचा हुकूम असतो, उघडण्याचा नसतो. मागे रुग्णवाहिकेची घंटा वाजत असते आणि तो बिनतारी यंत्राला कान लावून उभा असतो. अन्नपूर्णेहून महाराजा यशवंतराव रुग्णालयाकडे निघालेल्या हृदयविकाराच्या रुग्णाचा प्राण त्या शिपायाच्या हाती असतो आणि त्या शिपायाच्या हाती कसलाच अधिकार नसतो. चूक शिपायाची नव्हे. रुग्णवाहिकेसाठी दोरी सोडण्याचा अधिकार त्याला लेखी देण्यास एक कागद पुरेल.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे, आणि तो बऱ्यापैकी चांगला आहे. १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेतील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क समाविष्ट आहे. २०१४ साली फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. जागा हलवायची तर तीस दिवसांची नोटीस द्यावी, नाशवंत माल जप्त केला तर मागणी येताच त्याच दिवशी परत करावा, शहराच्या फेरीवाला समितीत निदान चाळीस टक्के सभासद खुद्द फेरीवाल्यांचे असावेत, असे त्यात लिहिले आहे. परंतु या कायद्यात एक मोठे भोक राहिले आहे. कायमचे उठवण्याविषयी तो बोलतो. "पाहुणे येताहेत, तीन दिवस जरा बाजूला व्हा" या तोंडी हुकमाविषयी तो मुका आहे. आणि गरिबाच्या नशिबी पुष्कळदा हा तोंडी हुकूमच येतो. तोंडी हुकमाला तारीख नाही, सही नाही, अपील नाही!

२०२० च्या जूनमध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना निघाली. तेव्हा फेरीवाल्याला बँकेचे पहिले कर्ज दहा हजारांचे होते, फेड बारा मासिक हप्त्यांत. योजना चांगली, आम्ही तिचे कौतुकच केले आहे. पण बँकेचा हप्ता पाहुण्यांच्या दौऱ्यासाठी थांबत नाही. एका हाताने सरकार धंद्याला भांडवल देते आणि दुसऱ्या हाताने धंदा उठवते. मधल्या मध्ये व्याज मात्र गाडीवाल्याच्या माथी!

भरपाई द्यायची म्हणजे आभाळ कोसळेल असे ज्यांना वाटते त्यांनी कॅनडाकडे पाहावे. २०१० च्या जूनमध्ये टोरांटोला वीस राष्ट्रांची परिषद भरली. सुरक्षेच्या कुंपणामुळे ज्या दुकानदारांचा धंदा बुडाला त्यांना तेथल्या केंद्र सरकारने अनुग्रह म्हणून भरपाई दिली. जर्मनीत २०१७ साली हॅम्बुर्गच्या परिषदेच्या वेळी जाळपोळ झाली तेव्हा तेथल्या सरकारने नुकसानग्रस्तांसाठी वेगळा निधी उभारला. ते देश श्रीमंत आहेत, हे खरे. पण पोहेवाल्याच्या तीन दिवसांच्या मिळकतीचा आकडा टोरांटोच्या दुकानदाराच्या तुलनेत कितीसा? सजावटीच्या दिव्यांवर जो खर्च होतो त्याच्या कोपऱ्यात तो मावेल.

आमच्या मागण्या फार नाहीत. परदेशी पाहुणा यायचा तर बंद राहणाऱ्या रस्त्यांची आणि वेळांची जाहिरात आठवडाभर आधी वर्तमानपत्रांतून, थांब्यांवर आणि प्रत्येक वॉर्डात लावावी. सुरक्षेसाठी नेमका मार्ग गुप्त ठेवायचा असेल तर निदान कोणत्या वेळी घराबाहेर पडू नये एवढे तरी सांगावे. रुग्णवाहिकेला, प्रसूतीला निघालेल्या बाईला आणि परीक्षेला निघालेल्या मुलाला वाट करून देण्याचा अधिकार चौकातल्या शिपायाला लेखी द्यावा. ज्याच्याजवळ फेरीवाल्याचा दाखला आहे त्याला उठवायचे तर लेखी पत्र, परत बसण्याची तारीख आणि बुडालेल्या प्रत्येक दिवसाची भरपाई पाहुण्यांच्या खर्चातून द्यावी. आणि झोपडीपुढे पडदा लावणारा अधिकारी कोण, त्याचे नाव त्या पडद्यावरच ठळक अक्षरांत लिहावे, म्हणजे पाहुण्यांनाही वाचता येईल!

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरायचा आहे. देशातले आणि परदेशांतले मोठमोठे पाहुणे त्यासाठी इंदूरच्या अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरतील, त्यांचे ताफे निघतील, आणि दोरखंड पुन्हा ताणले जातील. ज्या अहिल्याबाईंचे नाव त्या विमानतळाला आहे, त्या दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत असत, अशी त्यांची ख्याती आहे. इंदूरच्या महापालिकेने आपल्या फेरीवाला समितीची एक बैठक सिंहस्थाच्या पुष्कळ आधी, सभागृहात नव्हे, अन्नपूर्णेच्या मंदिराबाहेर भरवावी. आयुक्तांनी नारळवाल्या मावशींशेजारी चटईवर बसावे आणि वही उघडून एवढेच विचारावे, "मावशी, मोठे पाहुणे येतात त्या दिवशी तुमचे किती बुडतात?" त्या सांगतील तो आकडा त्यांनी त्यांच्यासमोरच लिहून घ्यावा.